कर्जावरचं पहिलं नाव

अमरावती

प्रिय दीपमाला,

जय भीम. आधी पोटभर जेव, मग हे पत्र वाच. हातात फोन असताना सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं म्हणजे नवलच, पण काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडून निघत नाहीत. सारा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे ओरडायची सवय लागली, हळू बोलायची राहूनच गेली.

सुगत बरा आहे. काल काठी न घेता गेटपर्यंत गेला आणि शेजारच्या मायाबाईंनी पाहिलं की नाही, म्हणून वळून पाहत होता. स्कूटरवरून पडून पाठ गेली, नोकरी गेली, पण मिजास तशीच आहे. माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल त्याची तक्रार आहे. ती मात्र लोकपालापर्यंत नेऊ नकोस.

विमा लोकपालाचा निकाल आपल्या बाजूने लागल्याचं तू सांगितलंस, तेव्हा मी नुसतं 'बरं झालं' म्हणालो. तेवढ्यावर भागत नाही, पोरी.

घर घेताना सुगतने हट्ट धरला होता, कर्जावर बाबांचंच नाव पहिलं. लग्नपत्रिकेपासून दारावरच्या पाटीपर्यंत आपल्यात मोठ्याचं नाव आधी, मग इथे का नको? मीही फुगलो. बँकेतला तो गोडबोल्या म्हणाला, विम्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही, आणि कमावत्याला काही झालं तर हप्ते कंपनी भरेल. आम्ही बापलेकांनी न वाचता सह्या ठोकल्या. सुगत अंथरुणाला खिळला तेव्हा कळलं, विमा पहिल्या नावाचा आहे. म्हणजे रिटायर होऊन घरी बसलेल्या माझा, आणि तोही मी मेलो तरच मिळणारा. घर ज्याच्या कमाईवर चालत होतं, त्याचं नाव त्यात कुठेच नाही.

तेव्हापासून हप्ते तुझ्या पगारावर आले. अकोल्याच्या दवाखान्यात आठवडाभर लॅबमध्ये उभी राहायचीस, शनिवारी एसटी धरून इकडे यायचीस आणि आल्या आल्या सुगतची पाठ चोळायला बसायचीस. तुझं तोंड कधी वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. माझ्या पोटच्या पोरीनेही एवढं केलं नसतं, हे मी शपथेवर सांगतो.

विमा रद्द करायच्या तक्रारीसाठी माझी सही हवी, म्हणून तू मला बँकेत नेलंस. तिथला साहेब हसून म्हणाला, "मॅडम, कायले रद्द करता? आजोबाचं वय झालं. राहू द्या, तुमचाच फायदा हाये." तू उभी राहिलीस. सगळी बँक वळून पाहायला लागली. "मले माह्या सासऱ्याच्या मरणाचे पैसे नाई पायजेत, सायेब," म्हणालीस. मी मान खाली घालून बसलो होतो. खरं सांगतो, मला त्या साहेबाचंच पटलं होतं.

आता विमा रद्द झाला, विम्यापोटी भरलेली रक्कम कर्जात वळती झाली, हप्ताही जरा हलका झाला. हे सगळं तुला ठाऊक आहे. लिहायचं होतं ते वेगळंच. विमा माझ्या जिवावर आहे हे कळलं, त्या दिवसापासून मी बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मी गेलो तर घर मोकळं होईल, तू अकोल्याहून परत येशील, एवढाच हिशेब. न घेतलेल्या गोळ्या चिवड्याच्या डब्यामागे लपवत होतो. एका रविवारी डबा सरकलेला दिसला. तू काहीच बोलली नाहीस, आणि दुसऱ्याच आठवड्यात तक्रारीला लागलीस. मला वाटत राहिलं, पोरगी पैशासाठी भांडते आहे. निकाल ऐकला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आता मी मेलो तर कुणालाच काही मिळणार नाही, हेच तर तुला हवं होतं! रात्री खूप रडलो, सुगतला कळू दिलं नाही. सकाळी डॉक्टरकडे जाऊन पोटभर बोलणी खाल्ली आणि त्यांच्यासमोरच गोळी घेतली. मला अजून जगायचं आहे, दीपमाला. एवढंच तुला सांगायचं होतं.

तुझाच,
बाबा