नुसती काठी

अण्णा,

तुमचं मोरचेल आज कपाटावरून खाली काढलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी ते दोनदा झटकलं असेल, आणि दोन्ही वेळा दांड्याला धरून, पिसांना हात न लावता. पिसांचा रंग अजून तसाच आहे. आज रविवार, दुपार आहे, घरात कोणी नाही. उद्या अकरा वाजता मला ऑफिसात एका हत्तिणीबद्दल लेखी जबाब द्यायचा आहे आणि तुमच्याबद्दल लिहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर बरंच बदललं. तुमच्या सर्कशीच्या तंबूत आता हत्ती नसतात. वरातीला किंवा दुकानाच्या उद्घाटनाला हत्ती आणायचा तर आमच्या वनखात्याची परवानगी लागते. अंकुश जवळ ठेवायचा नाही, काटेरी साखळी नाही, गुडघे टेकायला लावायचे नाहीत, सलाम करवायचा नाही, भर उन्हात डांबरी रस्त्यावर चालवायचं नाही. हे सगळं पत्रक कन्नडमध्ये मीच टाइप केलं, आणि 'सलाम' या शब्दापाशी थोडी थांबले होते. परवा बेंगळुराबाहेर बोम्मसंद्र्याला तपासणी होती. माहूत मिरजेकडचा, मराठीशिवाय धड काही न बोलणारा, म्हणून साहेबांनी मला दुभाषी म्हणून नेलं. "मॅडम, तो बोलेल तेवढंच सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही," त्यांनी जीपमध्येच बजावलं. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

कारखान्यांच्या मागे निलगिरीची झाडं आणि पत्र्याची शेड. हत्तीण म्हातारी आहे, कानांच्या कडा गुलाबी पडल्यात. माहूत पन्नाशीचा, हातात वरातीत धरतात तशी झेंडूच्या माळा गुंडाळलेली काठी. आधी मला ताई म्हणाला, मग इकडच्या पद्धतीने अक्का म्हणायला लागला. साहेबांनी विचारलं, अंकुश आहे का? "नाही साहेब. सगळी शेड बघा की. प्रेमानं ऐकते माझं." अण्णा, हे तुमचं वाक्य. शब्दाला शब्द तुमचं. मी ते कन्नडमध्ये सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलं. मग ते म्हणाले, तिचे तळवे दाखव. माहुताने काठी तिच्या कानामागे नेली. टेकवली नाही, नुसती नेली. तेवढ्यात हत्तिणीने कान डोक्याला चिकटवले आणि पाय उचलला. "किती शहाणी आहे," साहेब म्हणाले. मी मात्र त्याचा अंगठा बघत होते. दांड्यावर तो अगदी तुमच्यासारखा आडवा होता.

मी नऊ वर्षांची आहे. सर्कस बेंगळुरात आली की तुम्ही मुक्कामाला घरी येता आणि यशवंतपूरच्या बाजारातून नाचणीचं पीठ आणि गुळाच्या ढेपा आणून आईच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात हत्तीसाठी मुद्द्यांचे गोळे शिजवता. आई म्हणते, "या घरात माणसं राहतात की हत्ती?" तुम्ही म्हणता, "हत्ती जेवला तर माणसं जेवतात." त्या रविवारी तुम्ही मला तंबूत नेता, माझ्या अंगात जरीचा झगा घालता आणि हे मोरचेल हातात देता. अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवता. मी पिसांत बोटं घालते तर तुम्ही फाडकन माझ्या हातावर मारता. आयुष्यात एकदाच मारलंत. "पिसांत हात घालायचा नाही. कळलं?" मग रिंगणात तुमचा आवाज घुमतो, "बघा, नऊ वर्षांची पोर! हातात शस्त्र नाही, नुसती मोराची पिसं! प्रेमानं ऐकते!" हत्तीण सोंड कपाळाला लावते. टाळ्या. खेळ संपल्यावर मोरचेल तुम्ही मलाच देऊन टाकलंत.

"ती काठी जरा द्या," मी माहुताला म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. "कशाला अक्का?" साहेबांनी मला विचारलं, "एनंते?" काय म्हणतोय तो? त्या दिवसात पहिल्यांदाच मी भाषांतर केलं नाही. झेंडूत बोटं घातली आणि चाचपत टोकापर्यंत गेले. काही नव्हतं. टोकाला एक बारीक भोक होतं, मेणाने बुजवलेलं. माहूत हळूच म्हणाला, "काढला अक्का. नियम आला त्याच दिवशी खिळा काढला, आईची शपथ. आता नुसती काठी आहे. पण हे तिला कोण सांगणार?" आणि तेव्हा, काठी माझ्या हातात होती आणि मी तिच्या कानाजवळ उभी होते म्हणून, हत्तिणीने सोंड उचलून कपाळाला लावली. कोणी सांगितलं नव्हतं. मला सलाम केला, अण्णा.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "कलम कुठलं लावू? अंकुश नाही, खिळा नाही. भीती कुठल्या कलमात बसते, मॅडम?" थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला हे कसं कळलं ते तुमच्या नावाने लिहून द्या. मी वर पाठवतो. परवानगी थांबेल, बहुतेक तिला देखभाल केंद्रात नेतील. सरी?" मीही सरी, ठीक आहे, म्हटलं. माहुताला काय चाललंय ते भाषा न कळताही कळलं होतं. जीपपर्यंत आला. "बावीस वर्षं तिच्या पायाशी झोपलोय. दुसऱ्याच्या हातचं ती खायची नाही." मग हसला, वाईट हसला. "तिला तुम्ही सोडवाल अक्का. मला कोण सोडवणार?"

दोन दिवस हेच डोक्यात आहे. त्याने निदान खिळा काढला, तुम्ही कधी काढला नाहीत. मग शिक्षा त्याला का? तुमच्याशी जे भांडायचं राहिलं ते मी त्याच्याशी तर भांडत नाही ना? पण कान डोक्याला चिकटवून उभी राहिलेली ती दिसते आणि मी पुन्हा कागद ओढते. तिला वरातीत न्यायला नको, कुठलीच काठी तिच्या नजरेला पडायला नको, एवढं मला नक्की कळतं.

सकाळी जबाब लिहून झाला होता. वडील सर्कशीत हत्ती शिकवत, त्यांच्या मोरचेलात खिळा लपवलेला असे, हत्तीण टोचण्याआधीच कशी वागते ते मी पाहिलं आहे, मोरचेल सोबत जोडत आहे. त्यापुढे एक वाक्य: 'मी तेव्हा लहान होते, मला खिळ्याची कल्पना नव्हती, वडिलांच्या निधनानंतर ती आली.' हेच मी नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं.

तुम्ही हातावर मारलंत तोवर माझं बोट खिळ्याला लागून गेलं होतं. जरीच्या झग्याला पुसलं मी ते. रिंगणात दुसऱ्या सलामाला हत्तीण रेंगाळली. बँड थांबला, लोक वाट बघत होते, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी अंगठा आडवा ठेवला आणि दाबलं. कानामागची कातडी थरथरली ती दांड्यातून माझ्या हातापर्यंत आली. तुम्ही शाब्बास म्हणालात. तुम्हाला माहीत होतं की मला माहीत आहे, हो ना?

ते वाक्य मी आत्ता खोडलं. खाडाखोड केलेला जबाब ऑफिसात चालत नाही, म्हणून नवा कागद घेतला आणि पहिली ओळ लिहिली: 'वयाच्या नवव्या वर्षी मी स्वतः हा खिळा हत्तिणीला टोचला आहे.' बाकीचं त्याखाली येईल. मोरचेल वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. हा कागद मात्र इथेच राहील, कारण यातलं एक उद्याच्या जबाबात घालायची माझी हिंमत नाही. टाळ्या मला फार आवडल्या होत्या, अण्णा.