रोमच्या राजाचं माप

१८ जानेवारी २००९, रविवार

आनंदचा पुण्याहून फोन. वाटलं बापाची चौकशी करायला केलाय. केली, पण ओझरती. मग मुद्द्यावर आला. "आये, माका एक कपडो शिवून दी. रोमन लोकांचो." म्हटलं, कोण लोक? तर म्हणे हजारो वर्षांपूर्वीचे, परदेशातले, त्यांच्या दरबारातला सरदार. ह्याच्या ऑफिसातली मंडळी मुळशीकडे कुणाच्या शेतावर दोन दिवस राहणार. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि दोन्ही दिवस त्या सोंगातच बोलायचं, जेवायचं, भांडायचं. लिहिलेलं काही नाही. बघायला कोणी नाही. त्यांच्यातला एक जण जर्मनीत हे खेळून आलाय, हे खूळ त्याचं.

ह्यांची खाट ओटीवरच, माझ्या मशीनला लागून. सगळं ऐकलं. तीस वर्षं दशावतारात राजा केलेला माणूस. मला म्हणतात, "बघणारो कोण नाय, मगे नाटक कसला?" म्हटलं, त्यालाच विचारा, परत लावते फोन. तोंड भिंतीकडे केलं.

मुलाचं नाव निघालं की तोंड भिंतीकडे. वालावलच्या जत्रेपासून हेच.

२१ जाने., बुध

कोल्हापूरच्या डॉ.नी घरी पाठवल्याला महिना होत आला. पोटातलं पसरलंय, कापून उपयोग नाही. "घरी आनंदात ठेवा" म्हणाले. बोलायला काय जातं. हा माणूस कशाने आनंदात राहील ते मला ठाऊक आहे. मुलाशी एकदा बोलला पाहिजे. जायच्या आधी एकदा, समोरासमोर. मला दुसरं काही नको.

आ. दर गणेशचतुर्थीला येतो. आरती करतो, पाया पडतो. हे पाय मागे घेत नाहीत पण शब्द नाही. "तेका सांग, जेवून घे." "तेका सांग, गाडी सकाळची आसा." दोघं एका खोलीत आणि मी मधे पोस्टमन.

वालावलचं कधी लिहिलं नव्हतं. लिहून टाकते. आ. तेव्हा बारावीत. अंगाने नाजूक, आवाज गोड, म्हणून ह्यांनी त्याला राणीची कामं दिली. आमच्यात बायका नाटकात नसतात, पुरुषच लुगडं नेसतात. कॉलेजातली पोरं ह्याला राणीसाहेब म्हणायची, बाकावर बांगड्या ठेवायची. दोनदा त्याने बापाला सांगून बघितलं, नको म्हणून. हे म्हणाले, माझ्या बापाशीनपण राणी केल्यान, तो काय मेलो? त्या जत्रेत अर्धा रंग लावलेला पोर साडी सोडून उठला आणि कुडाळच्या गाडीत जाऊन बसला. राजा राणीशिवाय उभा राहिला. नाटक कंपनीच्या मालकाने सगळ्यांदेखत ह्यांना फैलावर घेतलं. ते ह्यांच्या जिव्हारी लागलं.

२४ जाने., शनि

आ.चा फोन. मापं सांगतो, लिहून घे. म्हटलं अंगावर माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. "आये, तो काय ब्लाऊज नाय. चौकोनी कपडो तो." चौकोनी तर चौकोनी. यायचं तर ये, नाहीतर पुण्यातले शिंपी मेलेत काय. शेवटी सात तारखेला येतो म्हणाला.

देवाने आयतं निमित्त दिलंय. सोडते होय मी.

२९ जाने., गुरु

चित्रं आली कुरियरने. आत गुडघ्यापर्यंत अंगरखा, छातीवरून खाली दोन जांभळे पट्टे. वरून पांढरं लांबलचक कापड, अंगाभोवती गुंडाळून डाव्या खांद्यावर. ह्यात शिवायचं काय ते मला दिसेना. नऊवारीला माणूस विसरला की हे असं होतं.

बाजारात गेले. मांजरपाट मागितला, अख्खा, न कापता. दुकानदार ताग्यावर हात ठेवून थांबला आणि हळूच म्हणाला, "वैनी, कधी?" मला कळेना. मग कळलं. ह्यांचं दुखणं गावाला माहीत, आणि एवढं कोरं पांढरं कापड घरात एकाच कामाला नेतात. म्हटलं, तसा काय नाय हो, झिलाक शिवूचा आसा. मुलासाठी म्हटल्यावर तो बिचारा आणखीच घाबरला. मी घरी पोचते तोवर शेजारच्या दोघी डोळ्यांना पदर लावून दारात हजर.

ह्यांना सांगितलं. पोट धरून हसले, मग पोट धरून कळवळले. हसवलं त्याचं पाप लागलं मला.

३ फेब्रु., मंगळ

शब्द म्हणजे शब्द, कात्री लावली नाही. पट्टे तेवढे तयार करते. जांभळाचा रंग मिळाला, पिकलेल्या जांभळाचा.

हे खाटेवरून बघत होते. "राजाच्या कपड्याक जर नाय?" म्हटलं चित्रात नाही. "चित्र गेला खड्ड्यात. उजेडात चमकाक नको?" म्हटलं उजेड कसला, शेतावर दिवसाढवळ्या खेळणारेत. ऐकतायत कुठे. जुन्या पेटीतली जर काढायला लावली. वर आणखी, खांद्यावर भार घाल, चालताना झोक आला पाहिजे. महिन्याभरात एवढं बोलले नव्हते. स्वतःहून चहा मागितला, अर्धा कप प्यायले.

हा कपडा कुणाचा ते एकदाही बोलले नाहीत. मीही नाही.

८ फेब्रु., रवि

काल आ. आला. कालचं सगळं लिहायचंय.

जेवण झाल्यावर ओटीवर माप घेतलं. सुटलाय जरा. अंगरखा लगेच बेतून शिवला, दोन बाजू आणि खांदे, तासाभराचं काम. मग वरचं कापड. चित्रात बघून गुंडाळलं तर दोन पावलांत घसरलं. म्हटलं थांब, निऱ्या घालते, खांद्यावर चार टाके मारते. "आये, तेका टाके नसतत." नसतील तिकडे. अंगावर शिवायचं म्हणून दोऱ्याचा तुकडा त्याच्या दातात दिला. अंगावरचं कापड शिवायचं तर दातात दोरा धरायचा, नाहीतर अशुभ. माझी आई करायची, मी करते. पोर मुकाट उभा, दातात दोरा, जरीचा काठ छातीवर.

आणि खाटेवरून ह्यांचा आवाज. घरातला नाही, नाटकातला. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"प्रधानजी, आमच्या दरबारात हा मुखस्तंभ कोण उभा आहे?"

प्रधानजी म्हणजे मी. सुई हातातच. आ.ने माझ्याकडे बघितलं. मग दोरा तोंडातून काढला.

"महाराज, आम्ही रोम देशीचे सरदार. सात समुद्र ओलांडून आलो."

"येणं कशासाठी केलंत?"

"आश्रय मागायला."

"स्वदेशी आपलं कोणी नाही काय?"

"पिता आहेत, महाराज. रुष्ट आहेत."

"अपराध?"

"भर दरबारातून उठून गेलो."

हे उशीवर कोपर टेकून उठले. मी धरायला गेले तर हाताने थांबवलं. "का गेलात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बापाने नाही, मीसुद्धा नाही.

"लाज वाटली, महाराज. समोर बसलेली माणसं आम्हांस हसत होती. पित्यांना ती दिसली नाहीत."

हे परत उशीवर टेकले. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "सरदार, उजेडात उभ्या असलेल्या राजाला समोर फक्त काळोख दिसतो. त्यातली माणसं दिसत नाहीत. हा त्यांचा दोष म्हणा हवा तर." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी तेही एकटेच उभे होते."

"आता समजतंय, महाराज."

"प्रधानजी, सरदारांना पाणी द्या."

मी दोघांनाही पाणी दिलं. मी रडत होते ते दोघांनीही बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

एवढंच लिहून थांबायला हवं होतं. पण मग आ.ने कपडा उतरवला, बनियनवर आला, गोळी आणि तांब्या घेऊन खाटेशी बसला. "बाबा, गोळी घेवा." ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला म्हणाले, "तेका सांग, थंय ठेव."

आज सकाळच्या गाडीने गेला. कपडा पिशवीत घडी करून. पाया पडला, मान वर केली नाही.

२३ फेब्रु., महाशिवरात्र

पेजसुद्धा राहत नाही पोटात. झोपेत नाटकातलं बोलतात. दुपारी शुद्धीवर होते तेव्हा विचारलं, "तो रोमचो राजा परत कधी येतलो?" म्हटलं तो राजा नाही, सरदार आहे. "माझ्यासमोर उभो रवलो तो राजाच."

म्हटलं, आनंद हां तो. तुमचो झिल.

भिंत.

९ मार्च, सोम

आ.चा फोन, खेळ झाला. आवाजात जोर होता. त्यांच्या त्या दरबारात कसलासा खटला होता, सगळे इंग्रजीत बोलत होते, ह्याने मधेच ते उजेडातल्या राजाचं वाक्य मराठीत म्हटलं. म्हणे सगळे गप्प झाले. जरीला हसले का विचारलं. आधी हसले, मग मागायला लागले.

ह्यांना सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. "हात खंय ठेवलेल्यान बोलताना?" आता हात कुठे होता ते मला काय ठाऊक. "इचार तेका." म्हटलं तुम्हीच विचारा की. मी फोन त्यांच्या कानाला लावत होते. नको म्हणाले.

१५ मार्च, रवि

ह्यांनी आज स्पष्ट सांगितलं, त्या रोमवाल्याला बोलव. बोलायचंय. मी धावत फोन लावला, वाटलं पोर उडी मारत येईल. तर म्हणतो, "आये, तेंका तो व्हयो. मी नको."

"तू आणि तो येगळे काय रे?"

"एकदा माका लुगडा नेसवून उभो केल्यानी. आता ह्या नेसून ये म्हणतत. माझ्या कपड्यांत माका ह्या घरात कोणी घेतला कधी?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मरणाऱ्या माणसाशी कसला हट्ट, कपडा घातलास तर झिजशील काय. दोन बोटं आयुष्य राहिलंय बापाचं आणि तू मानपान काढतोस. हजार बोलले. फोन ठेवला, कुणी आधी ते आठवत नाही.

मग मशीनवर बसले आणि कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही उलटी जोडली. पोर चुकीचं बोलला नाही, हेच तर दुखणं. बापालाही काय म्हणू. सोंगाशिवाय त्याला बोलता येतच नाही, आयुष्यभर तेच केलं. दोघेही खरे, आणि मी मधली शिवण. दोन्हीकडून ताण मलाच.

२७ मार्च, शुक्र. पाडवा

गुढी उभारली, लहानशी. ह्यांना दाखवायला खाट जरा फिरवली. बघितली का नाही कळत नाही. काल रात्रीपासून मला ओळखतात, मधेच ओळखत नाहीत. मला प्रधानजी म्हणाले दोनदा. मी हो महाराज म्हटलं. काय करणार.

डॉ. येऊन गेले. बोलवायचं त्यांना बोलवा म्हणाले.

३० मार्च, सोम

आ.ला फोन. मनात ठरवलं होतं की मागचं काढायचं नाही. फक्त म्हटलं, ये. रात्रीची गाडी बघतो म्हणाला. मग "निघतंय."

तोंडापर्यंत आलं होतं, कपडा घेऊन ये म्हणून. गिळलं. मग रात्रभर वाटत राहिलं, सांगायला हवं होतं. एक वाक्य, महाराज आम्ही आलो, एवढ्यावर बाप सुखाने गेला असता. मग वाटलं, आणि पोराचं काय. ते पुढे जगायचंय ना त्याला.

३१ मार्च, मंगळ

गाडी फोंडाघाटात बंद पडली, तिथून टेम्पोने कणकवली, दुपारी दारात. शर्ट-पँट, खांद्यावर ऑफिसची बॅग. कपडा आणलाय का म्हणून मी बॅगेकडेच बघितलं. त्याने ओळखलं. "नाय हाडलंय, आये." बरं म्हटलं. खरंच बरं म्हटलं, राग आला नाही.

पाय धुऊन खाटेशी बसला. ह्यांचे डोळे उघडे, छपराकडे. हात हातात घेतला. "बाबा, मी आनंद."

काही नाही.

"बाबा, मी आनंद. पुण्यासून इलंय." मग बोलतच राहिला, साधं, घरातलं. गाडी कुठे बंद पडली. पुण्यात खोली बदलली, नव्या खोलीत पाणी सकाळीच येतं. त्या खेळात बोलताना उजवा हात छातीवर ठेवलेला आणि डावा मोकळा सोडलेला. मी सांगितलं नव्हतं त्याला, हे विचारत होते म्हणून. आपणहून बोलला.

हे मान वळवून त्याच्याकडे बघायला लागले. मी श्वास धरून उंबऱ्यात उभी. वाटलं आता बोलतील, नाहीतर आता तोंड भिंतीकडे करतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. बघतच राहिले. दिवेलागणीला मी वात लावून आले तरी तसेच, आ.कडे तोंड करून.

भिंतीकडे फिरले नाहीत. मुलाला ओळखलं म्हणून, की मान फिरवायची ताकद उरली नाही म्हणून, ते मला सांगता येत नाही. आ. विचारत होता. मी म्हटलं, ओळखल्यानी रे तुका.