निरोगी नळी

९ जानेवारी
पुन्हा गाळ! विषाणूचं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, म्हणजे सगळी मदार त्या मेल्यांवर. बनवतात भरपूर, पण सगळं गोळा होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी स्वच्छ, रिकामं.

१५ जानेवारी
गाळ युरियात विरघळला. युरिया काढला — परत दही! बेसिनचा नळ सोडून रडले. दादा, म्हणजे आमच्या लॅबमधला सगळ्यात जुना माणूस, मागून म्हणाला, "घाई नडतेय तुझी. थंड खोलीत हळूहळू काढ." मलाच अक्कल शिकवतो! आणि बरोबर असतो, त्याचाच राग येतो.

२ फेब्रुवारी
जमलं!! नितळ. जेलवर एकच पट्टा, म्हणजे प्रथिन शुद्ध. उद्या उंदरांना टोचायचं. त्यांनी प्रतिपिंडं बनवायची, त्यातलं एकच, या विषाणूला नेमकं धरणारं, मला हवंय.

२० मे
उंदरांपासून मिळवलेले, प्रतिपिंडं बनवणारे पेशींचे वाण एकेक करून मेले. एकच उरलाय. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, बोलावलं. "महिनाअखेरपर्यंत विषाणू ओळखणारी चाचणी दाखव, नाहीतर काम बंद. मी तरी किती दिवस पदर पसरू?" बंद म्हणजे माझी पदवीही गेली. सगळी वर्षं पाण्यात.

२४ मे, रविवार
ताईकडे. चिमी तापाने किरकिरत होती, दुपारभर माझ्या गळ्यात पडून. "मावशी, गोष्ट." उंदरांची सांगितली. ताई ओरडली, "शी! लेकराला काय सांगतेस!" बरं वाटलं थोडं.

२८ मे
संपलं.
रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात पट्टा आला, म्हणजे प्रतिपिंडाने विषाणू धरला. किंचाळले! मग निरोगी नळी पाहिली, विषाणू नसलेल्या माणसाच्या नमुन्याची, जिच्यात पट्टा यायलाच नको. तिच्यातही तसाच पट्टा. पुन्हा केलं. तेच. म्हणजे हे प्रतिपिंड दिसेल त्याच्या गळ्यात पडतं. नमुना चुकला म्हणावं, तर तीही सोय नाही — निरोगी नमुना हवा की आपल्याच घशात काडी फिरवायची, ही लॅबची जुनी रीत. माझाच घसा, मीच काडी फिरवली.
मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "सोमवारी पेशी टाकून द्या." दादा म्हणाला, "मी टाकतो. तुला बघवणार नाही."

३० मे
जेवले नाही. आईचा फोन. "अगं, काम म्हणजे जीव नव्हे." मग काय आहे माझ्याकडे दुसरं? नीट बोलताही आलं नाही. रडून रडून घसा बसलाय.

१ जून, सोमवार
अंग तापाने फणफणलंय. सकाळीच ताईचा फोन — "चिमीचा रिपोर्ट आला. तुझाच तो विषाणू गं!"
निरोगी नळीत मी होते!
दादाला फोन लावला. आवाज फुटेना. "टाकू नकोस!"
"टाकतोय कशाला? फ्रीजरची किल्ली माझ्या खिशात आहे. मॅडम सकाळपासून शोधताहेत."
देवा, आता त्याचा तरी घसा निरोगी असू दे.