फोटो काढा

४ मार्च, मंगळवार
पुन्हा 'डिलीट'! सूनबाई आमच्या शाळासोबत्यांसाठी वेबसाइट करते आहे. बटणांवरचे शब्द सोपवलेत माझ्याकडे. मी 'काढा' लिहून देतो, ती 'डिलीट' लावते. "बाबा, लोकांना तेच कळतं." कळतं म्हणे! कविता घोकून वाढलेली माणसं आम्ही. पाटीवरचं थुंकी लावून पुसलं, डिलीट नाही केलं! 'फोटो लावा, फोटो काढा' — कसं ठेक्यात बसतं! चालीवर म्हणता येतं.

६ मार्च, गुरुवार
शब्द मान्य. आता दुसरं भांडण. काहीही काढायला गेलं की चौकट उगवते — 'नक्की काढायचं?' अरे, माणसाने एकदा सांगितलं ना! वेबसाइट आहे की उलटतपासणी घेणारा वकील? "राहू दे ना बाबा, एखाद्याचा हात चुकतो." मी हटून बसलो. शेवटी तिने चौकट उडवली. "घ्या, करा तुमच्या मनासारखं!"

७ मार्च
बटण हिरवं की करडं, यात दुपार गेली. डोकं उठलं.

१० मार्च, सोमवार
बाकावरचा माझा जोडीदार जाऊन दोन वर्षं झाली. आज वहिनींनी त्याचा बाराव्या वर्षीचा फोटो साइटवर लावला. त्या वयाचा तेवढा एकच. कागदाला वाळवी लागली म्हणून तो टाकून दिला, फोनमध्ये जागा नाही म्हणून तिथूनही पुसला. "आता तुमच्याकडे सुखरूप," म्हणाल्या.

१२ मार्च, बुधवार
वहिनींचा फोन. रडत होत्या. "भावजी, म्हटलं आपल्यापाशी एक प्रत असावी. खाली लिहिलं होतं, फोटो काढा. म्हणून काढायला गेले — आणि ते गेलेच हो!"
सूनबाई दिवसभर खटपट करत होती. "नाही येत परत, बाबा." बस्स, एवढंच. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
फोटो काढणं म्हणजे काय, शेंबडं पोरही सांगेल! मी चाली लावत बसलो.

१३ मार्च
वहिनी म्हणतात, "माझाच हात आंधळा." मी नुसतं ऐकून घेतलं. भ्याड!

१५ मार्च, शनिवार
गेलो. सांगून टाकलं — शब्द माझा, चौकट उडवायला लावणाराही मीच. वहिनी म्हणाल्या, "तर मग तुम्हीच सांगा, भावजी. सहा वर्षं एका बाकावर होतात. तेव्हा कसे दिसायचे?"
त्याचं अक्षर सांगितलं, आवाज सांगितला, वर्गात कुठे अडखळायचा तेही सांगितलं.
चेहरा आठवेना.