कबुतरं चालू, आम्ही माजी

नागोया, १८ फेब्रुवारी

सेइजीमामांना आणि कियोमामींना कोसाकूचा कमरेत पुरता वाकून नमस्कार (कंबर आता पूर्वीइतकी खाली जात नाही, पण पत्रात ते कुणाला दिसणार).

आमच्या कचेरीसमोरचा प्लमचा बहर यंदा आठ दिवस आधीच आला आणि कालच्या वाऱ्यात निम्मा गळूनही गेला. तिकडे गामागोरीला समुद्राचा वारा उबदार असेल, तेव्हा मामांचा गुडघा बरा असावा असं धरून चालतो. मामींचा खोकला कसा आहे? बागेत रानडुक्कर शिरलं होतं, ते गेलं का, की मामांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आहे? (फुमिए, म्हणजे आमच्या घरचं सरकार, म्हणते, मामा बोलायला लागले की डुक्करच जाईल.) तुम्ही पाठवलेली संत्री पोचली. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे, काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी मागची तीन पत्रं वाचून तुमचा गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे.

तर झालं असं की यंदा आपल्या होनामी समूहाला पंचाहत्तर वर्षं होतात. (आपला म्हणतोय ती सवय आहे. पुढे वाचाल तेव्हा कळेलच.) त्यानिमित्त समूहाच्या मालकीच्या सगळ्या कंपन्यांची आणि पूर्वी मालकीच्या असलेल्या सगळ्या कंपन्यांची एक यादी करायचं काम माझ्यावर आलं. तुम्ही होतात तेव्हा कसं, एक दैनिक, एक रेडिओ आणि पहिल्या मजल्यावरची कॅंटीन. आता काय काय निघालं ते ऐका. दैनिक, दूरचित्रवाणी, रेडिओ हे तर आहेच. शिवाय चित्रकथांचं साप्ताहिक, तबकड्यांची कंपनी, गरम पाण्याच्या झऱ्यावरचं हॉटेल, तारांगण, दोन बोलिंगचे हॉल, आणि फक्त सामुराईपट काढणारा एक स्टुडिओ, ज्याच्याकडे एकच घोडा आहे आणि तो घोडा वेगळ्याच कंपनीच्या नावावर आहे. धुण्याच्या पावडरचा कारखानासुद्धा आपलाच. पेपर लावणाऱ्याला पावडरचा खोका भेट द्यायचा, मग तो खोका बाहेरून विकत कशाला आणायचा, असा समूह काढणाऱ्या थोरल्या साहेबांचा हिशोब. (पावडर संपली की लोक दुसऱ्या पेपराकडे जातात. त्यांची पावडर जास्त फेसाळते, हे मी कचेरीत बोलत नाही.) माजींची यादी तर याहून लांब. बेसबॉलचा संघ आपण एका सॉसेजवाल्याला विकला आणि पुढच्याच वर्षी तो जिंकला. चौथ्या मजल्यावर हा विषय अजून कुणी काढत नाही. एक लग्नाचा हॉल, एक टंकलेखनाची शाळा, एक रोपवे. माजींमध्ये दोन जाती असतात असं माझ्या लक्षात आलं. एक, जे नवीन वर्षाचं कार्ड अजून पाठवतात, आणि दुसरे, ज्यांना आपण पाठवतो.

आता यादी म्हटलं की यादीच, असं तुम्हाला वाटेल. पण मी पंचावन्नचा झालो, आणि आपल्याकडे पंचावन्नाव्या वर्षी माणसाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून त्याला कुठल्या तरी उपकंपनीत धाडतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे मी जी यादी करत होतो, ती माझ्याच उरलेल्या आयुष्याच्या जागांची यादी होती. मी तारांगणावर डोळा ठेवून होतो. तिथे काळोख असतो आणि खुर्च्या मागे कलतात. पण कर्मचारी विभागाचे कुसाकाबे साहेब एक दिवस माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोसाकू, पक्षी आवडतात का रे तुला?"

मामा, होनामी कबुतर कंपनी अजून चालू आहे. बातमीदारांचे फोटो घेऊन डोंगरावरून कबुतरं यायची, तो काळ तुम्ही पाहिलात. फोन आले, कबुतरांचं काम गेलं, पण थोरल्या साहेबांनी शब्द दिला होता की होनामीत लागलेल्याला कधी काढलं जाणार नाही. तो शब्द कबुतरांनाही लागू धरला गेला. त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, आणि आज किसोच्या खोऱ्यात, जिथे एप्रिलपर्यंत बर्फ असतं, चौदा कबुतरं कायम नोकरीत आहेत. त्यांच्या व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली होती. फुमिएला सांगितलं तर ती ताटं पुसता पुसता म्हणाली, "तू जा कबुतरांकडे. मी जाते आईकडे." (सासूबाईंनी संध्याकाळी फोन करून कळवलं, की माझ्याकडे जागा नाही.)

मग माझ्या हातून जे झालं ते मी तुमच्यापासून लपवत नाही. जी कंपनी माजी आहे तिथे माणसाला धाडता येत नाही, एवढा साधा विचार मी केला. यादीत कबुतरांचा नंबर एकेचाळीस होता. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "क्रमांक ४१ माजीत टाकावा", खाली सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला आणि चिठ्ठी इगाराशीबाईंच्या टेबलावर ठेवून जेवायला गेलो. इगाराशीबाई म्हणजे आमच्या विभागातल्या सर्वांत जुन्या. सदतीस वर्षं नोकरी, एक रजा. मी मिसो लावलेलं कटलेट खात असताना हॉटेलवाल्यांचा फोन आला, की आमचा गरम पाण्याचा हौद ही वेगळी कंपनी आहे, ती राहिली. बाईंनी हौद वरती सातव्या ओळीत घातला. खालचे सगळे एकेक घर सरकले. मग त्यांनी माझी चिठ्ठी पाहिली, शिक्का पाहिला आणि क्रमांक एकेचाळीस माजीत टाकला. एकेचाळीसवर तोवर चाळिसावे आले होते. चाळिसावे म्हणजे होनामी सेवा कंपनी.

होनामी सेवा म्हणजे आम्ही. मामा, माझ्याही ध्यानात नव्हतं. बारा वर्षांपूर्वी समूहाने नोकर कमी केले असं छापून आणायचं होतं, म्हणून आमच्या विभागाच्या सात माणसांची एक वेगळी कंपनी केली. टेबलं तीच, बिल्ला तोच, कॅंटीनमधली रांग तीच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. इगाराशीबाईंनी स्वतःच्या हाताने स्वतःला माजी केलं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुमचा शिक्का होता ना खाली? मग मी कशाला वाचू?"

आणि त्यांचं काय चुकलं? यादी पुढे शिक्क्यांच्या नऊ चौकटींतून गेली. नोकरी लागली त्या संध्याकाळी तुम्ही मला शिकवलं होतंत, की शिक्का वरच्या साहेबाच्या चौकटीकडे जरासा कलता मारावा, म्हणजे कागदावरही आपण वाकून उभे दिसतो. नऊच्या नऊ जणांनी तसाच मारला. उपप्रमुख प्रमुखाकडे वाकलेला, प्रमुख संचालकाकडे, आणि शेवटी अध्यक्षांचा शिक्का, खांबासारखा सरळ. इतका सुंदर कागद मी आयुष्यात केला नव्हता. वाचला मात्र कुणीच नाही. आधीच्याने शिक्का मारलाय म्हणजे त्याने वाचलं असणार, असं प्रत्येकाला वाटलं, आणि पहिला शिक्का माझा होता.

सोमवारी सकाळी दारावरचे नित्ता काका, जे वीस वर्षं मला "उशीर झाला की काय" म्हणून डिवचतात, ते उभे राहून खाली वाकले आणि त्यांनी आम्हा सातजणांना पाहुण्यांचे बिल्ले दिले. वहीत सही, येण्याचं कारण. मी "काम" असं लिहिलं. तेव्हापासून रोज हेच चाललंय. एक गोष्ट खरी, की पाहुणे झाल्यापासून आमची बडदास्त वाढली. दहा वाजता चहा येतो, सोबत लाल चवळीचं गोड. छत्तीस वर्षांत जे कुसाकाबे साहेब मला एकेरीत हाका मारत आले, ते "आपण" म्हणतात. सकाळी रेडिओवरच्या कवायतीला आम्हाला वेगळ्या रांगेत उभं करतात आणि उड्या मारायची सक्ती नाही.

चूक दुरुस्त का नाही करत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. साहेब म्हणाले, "दुरुस्तीचं काम कुणाकडे असतं?"

"होनामी सेवेकडे," मी म्हणालो.

"ती तर माजी आहे."

"साहेब, पण चूक आहे हो ती."

"आपण म्हणता नऊ शिक्के चुकले? अध्यक्षांचाही?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कागद बदलता येणार नाही. मग काय बदलायचं, ते आपणच ठरवा."

म्हणजे कागद खरा करायचा. एकतीस मार्चच्या आत आम्हाला खरोखरच कुणीतरी विकत घ्यायचं, नाहीतर कंपनी बंद आणि सात जण घरी. समोरचा नूडलवाला तयार होता. त्याला दुपारची डिलिव्हरी करायला माणसं हवी होती, आणि आमच्यातल्या दोघांनी वाट्या घेऊन जिना चढायचा सरावही केला. (मला विचारू नका कोणी. एका वाटीत माझा बूट पडला.) पण मग इगाराशीबाई माझ्याजवळ आल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्या निवृत्त होणार. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला अध्यक्ष स्वतः फुलांचा गुच्छ देतात, सगळा मजला उभा राहून टाळ्या वाजवतो आणि लिफ्टच्या दारापर्यंत पोचवायला येतो. बाईंनी सदतीस वर्षांत अशा एकशे बारा लोकांचे गुच्छ मागवले. त्या मला म्हणाल्या, "कोसाकूसाहेब, नूडलवाल्याकडे लिफ्ट नाहीये." एवढंच म्हणाल्या आणि फायली लावायला गेल्या. मला फार वाईट वाटलं, मामा. कबुतरांपासून पळायला मी त्यांचा गुच्छ घालवला.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मी किसोला गेलो. ज्यांच्या जागी आम्ही माजी झालो, ती कबुतरं पाहावीत तरी. तिथे ह्योदो नावाच्या एक आजी त्यांना दाणे घालतात. नऊ शिक्क्यांची नवी यादी त्यांनी चौकट करून खुराड्यावर लावली होती, कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच समूहाने कबुतरांचं नाव छापलं होतं. आजी मला म्हणाल्या (नागोयाच्या मुख्य कचेरीला त्या शाखा म्हणतात), "शाखेकडून आलात का? बरं झालं. हे पलीकडचं पांढरं फार आळशी आहे, त्याला जरा दम भरा." मी भरला. त्याने माझ्या टोपीवर उत्तर दिलं. पण सांगायची गोष्ट अशी, की जागा वाईट नाही. झरा आहे, स्टोव्ह आहे, आणि दुपारी झोपलं तर कुणी पाहत नाही.

बाकी सर्व ठीक. फुमिएचा नमस्कार. गुडघ्याला गरम पट्टी लावत जा.

तुमचाच वाकलेला भाचा,
कोसाकू

ता. क. एक क्षुल्लक बाब राहिली. कबुतर कंपनी नव्या यादीत चालू आहे, नऊ शिक्क्यांनिशी, म्हणजे ती कुणालाही विकत घेऊ शकते, आम्हालासुद्धा. तिने आम्हाला घेतलं की सेवा कंपनी तिच्यात विरून माजीच राहते आणि आम्ही पुन्हा होनामीत, म्हणजे कागदही खरा, अध्यक्षही खरे, आणि लिफ्टही आपलीच. फक्त तिच्या संचालकाची संमती लागते. मी नोंदणी कचेरीत जाऊन पाहिलं. शोवा छत्तीस साली, म्हणजे १९६१ मध्ये, कबुतरांनी राज्यपालांच्या हॅटची वाट लावली होती, त्यामुळे संचालक व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बैठकीला जो गैरहजर होता त्याचं नाव घातलं. त्या दिवशी तुम्हाला गालगुंड झालं होतं, मामा. तुम्ही सत्तेचाळीस वर्षं होनामी कबुतर कंपनीचे संचालक आहात. तुम्हाला कुणी कळवलं नाही, कारण कळवायचं काम कबुतरांकडे होतं.

ता. क. २. सोबत कागद जोडले आहेत. शिक्का कुठे मारायचा तिथे पेन्सिलने गोल केलाय. वाचायची तसदी घेऊ नये. तुम्ही अडतीस वर्षं उपविभागप्रमुख राहिलात आणि प्रत्येक शिक्का कुणाकडे तरी कलता मारलात, हे मी विसरलेलो नाही. या कागदावर सर्वांत वरची चौकट तुमची आहे.

ता. क. ३. मामी, हे शेवटचं मामांना वाचून दाखवू नका. तुम्ही लोणच्याच्या बरणीतून पाठवलेला त्यांचा शिक्का मंगळवारीच पोचला, धुऊन परत पाठवतोय. वर जोडलेले कागद कोरे आहेत, त्यांच्या समाधानासाठी. खरे कालच दिले. इगाराशीबाईंनी मामांचा शिक्का स्वतःच्या हाताने मारला, आणि फूटपट्टी लावून अगदी सरळ मारला. आम्ही सातही जण त्याच्याकडे वाकलेलो आहोत.