बंदुकीवरची बॅटरी

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. लातूर
मॅच ठरली. माझी पोरगी मृण्मयी अन् तिच्या नांदेडच्या मैत्रिणी विरुद्ध आम्ही कोचिंगवाले सर लोक. एअरसॉफ्ट, म्हणजे खोट्या रायफली, प्लॅस्टिकचे छर्रे. छर्रा लागला की बाहेर. जागा लोह्याजवळचं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग. गेल्या वेळी मी सुरू होताच बाहेर बसलो. कारण सापडलंय, आत अंधार होता. रायफलीवर लाइट पाहिजे. मी फिजिक्स शिकवतो, प्रकाश माझा हातखंडा विषय. कॅप्टन मीच. तसं कुणी म्हटलं नाही, पण दुसरं आहे कोण?

पोरगी माझ्या बॅचला न बसता नांदेडला बीए करून राहिली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. बापाचा खेळ एकदा बघू दे तिला.

५ ऑक्टोबर
दिवसभर रिव्ह्यू बघितले. रिपीटर बॅचचे पेपर तपासायचे राहिले. पोरांना सांगितलं, सर रिसर्च करून राहिलेत. खोटं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
पार्सल आलं. सायकलच्या हँडलला लावायचा लाइट निघाला. रायफलीला रबराने बांधला, हॉलमध्येच गळून पडला. परत पाठवतोय. इथून पुढं घाई करायची नाही.

संध्याकाळी दुसरा मागवला.

१३ ऑक्टोबर
हा खरा. सगळ्यात जास्त उजेडाचा. अंगठ्याखाली बटण, शत्रूला दिपवायला लुकलुक मोड. बाथरूममध्ये चाचणी घेतली. टाइल्सवरून उजेड परत आला, जेवेपर्यंत डोळ्यापुढं हिरवे ठिपके. चाचणी यशस्वी.

सौदामिनी त्याला बॅटरीच म्हणते. माझी बायको किल्लारीकडची. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा शाळकरी होती, अजून उशाशी बॅटरी घेऊन झोपते. म्हणाली, बॅटरी आपल्याला दिसावं म्हणून नसते, आपण लोकांना दिसावं म्हणून असते. मी म्हटलं, खेळात नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं. मग घेतली कशाला, म्हणाली. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

१९ ऑक्टोबर
फळ्यावर प्लॅन काढला. केमिस्ट्रीचे शिवप्पा सर म्हणाले, मंद लाइट बरा, समोरच्याला आपण कमी दिसू. केमिस्ट्रीवाले, त्यांना काय कळणार. त्यांनी छोटी बॅटरी आणली होती, ती घरीच ठेवायला लावली. दोन उजेडांनी गोंधळ होतो. सगळ्यांनी माझ्या लाइटमागं यायचं.

मृण्मयीचा आपणहून फोन. खरंच खेळणार का, गुडघा दुखत न्हाई ना, असं विचारलं. हसली. बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, रविवार. लोहा, गाडीत बसून
पहिला राउंड झाला. आत सरकीची धूळ. बटण दाबलं तर समोर पांढरी भिंत उभी राहिली. मला काही दिसेना, मी मात्र सगळ्यांना दिसलो. छातीवर, हेल्मेटवर, कानावर छर्रे. प्लॅनप्रमाणे मागं उभे असलेले शिवप्पा सरही गेले. निष्कर्ष: लाइट अत्यंत पॉवरफुल. दुसऱ्या राउंडला लुकलुक मोड.

२३ ऑक्टोबर, सोमवार. लातूर
काल पुढचं लिहिलं नाही. हात दुखत होता.

दुसरा राउंड दिवस मावळताना सुरू झाला. आत काळोख. मधेच पत्रे खडखडले, पायाखालची फरशी थरथरली. कुणीतरी म्हणालं, भूकंप. त्यानंतर मी एकदम बाहेरच्या रानात होतो, लाइट चालू. आत लोक उजेड द्या म्हणून ओरडत होते. मृण्मयी आतच होती. तिनं मोबाइल पेटवला, दाराशी उभी राहिली आणि एकेकाला बाहेर काढलं. शिवप्पा सर तिच्या खांद्याला धरून आले. सगळ्यात शेवटी ती.

भूकंप नव्हता. मागच्या रस्त्याच्या कामावर रोलर चालू झाला होता.

मी सांगितलं की दाराला बाहेरून उजेड द्यायला पुढं गेलो. लाइटचं तोंड रस्त्याकडं होतं. सौदामिनीला अजून सांगितलेलं नाही.

नांदेडच्या गाडीत बसताना मृण्मयीनं माझ्या गॉगलवरची धूळ ओढणीनं पुसली. म्हणाली, "पप्पा, लाइट लई भारी हाय तुमचा. तुम्ही कुठवर पळालात, ते आतून सगळ्यांना दिसत होतं."

गाडी गेली. सकाळपासून कारणं सुचून राहिलीत, काही तर चांगली आहेत. एकही तिला फोन करून सांगावंसं वाटलं नाही.