कबरीतून केलेली मागणी

मोरोगोरो,
१२ ऑक्टोबर

चि. टेक्ला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मराठीत आहे म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. पाच वर्षं पुण्यात राहून तू बेडकांवर डॉक्टर झालीस. ती भाषा केप टाउनच्या थंडीत गंजू नये, एवढाच हेतू. तुझी आई म्हणायची, "पोरीवर रागवायचं असलं की मास्तर तिच्या त्या परक्या भाषेत रागावतो, म्हणजे मला मध्ये पडता येत नाही." आता मध्ये पडणारं कोणी उरलं नाही, तेव्हा जरा सावरून बसून वाच.

मी बरा आहे. गुडघे बरे नाहीत. त्याचं कारण पुढे येईल. इकडे पाऊस अजून डोंगरावरच घुटमळतो आहे. विद्यापीठात मला कोणी निवृत्त करत नाही आणि कोणी काही विचारतही नाही. आपल्याकडे यालाच वानप्रस्थ म्हणतात.

मात्र यंदा एकाने विचारलं. ओनेस्मो नावाचा तरुण प्राध्यापक आहे, तुझ्याच जातकुळीचा, प्राण्यांवाला. त्याच्याकडे संगणकाची एक नवी करामत आली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात गुंतलेले आवाज ती सुटे करते: माणसाचं बोलणं एका बाजूला, पत्र्यावरचा पाऊस दुसऱ्या, मुसळाचे ठोके तिसऱ्या. म्हणे इतिहासवाले हल्ली जुन्या मुलाखतींतून मागच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकतात, आणि हवामानवाले लग्नाच्या गाण्यांमागचा पाऊस मोजतात. एकाचा कोंडा, दुसऱ्याचं पीठ. ओनेस्मोला मी तुमच्या गावात, किसेम्वेत, केलेल्या टेपा हव्या होत्या. मी विचारलं, "कथा हव्यात की लुगुरू भाषेतले स्वरांचे चढउतार?" तो म्हणाला, "नाही मास्तर, बोलणं काढून टाकणार. मागचं हवंय." माझ्या उभ्या आयुष्याच्या कामाला त्याने इतक्या नम्रपणे कचरा म्हटलं, की मी त्याला चहा पाजला.

मागे बेडूक होते, हे तुला आठवत असेल. तुझी आई ओसरीत बसून कथा सांगते आहे आणि ओढ्यातून त्या चिमुकल्या सोनेरी बेडकांचा असा गलका, की माझं यंत्र हैराण. मी तुला, एवढ्याशा पोरीला, त्यांना गप्प करायला पाठवलं होतं. तू ओढ्यात भिरकावलेले धोंडे टेपवर स्वच्छ ऐकू येतात. आज जग तुला त्याच बेडकांची कैवारी म्हणून ओळखतं. ओनेस्मोला हे सांगितल्यावर तो इतका हसला की त्याने ते धोंडे वेगळे काढून ठेवले.

त्याला आणखी काय सापडलं ते सांगतोच. आधी दफनाचं सांगू दे. तू आली नाहीस, म्हणून कोणीतरी सांगायलाच हवं.

आई गेली ती पाण्याच्या वाटेवर नाही. अंथरुणात, छातीतल्या तापाने, डामास मामा उशाशी असताना गेली. मुद्दाम लिहितो, कारण तू हेच स्वतःला विचारत बसशील. माझी थट्टा निर्दय असते, खोटी नसते.

तुमच्या डोंगरात परक्याला कुठल्या कुळात घालावं हा प्रश्न पडला, तेव्हा तुझ्या आजोबांनी मला तुमच्या थट्टेच्या सोयऱ्यांत ढकललं. तुमच्या भाषेत मतानी झालो. तेव्हा मला वाटलं, सोपं काम दिलं, नुसती चेष्टा करायची. पण सोयऱ्याचं खरं काम मृत्यूच्या घरी असतं, हे मला फार उशिरा कळलं. कबर खणून झाली. पेटी आणली. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा ब्राह्मण, रिवाजाप्रमाणे खाली उतरून कबरीत आडवा झालो. गुडघ्यांचं कारण हेच.

वरून डामास मामा वाकले. "काय रे ए, सपाटीवरच्या चोरा! माझ्या बहिणीची जागा अडवतोस?"

"उठायचं काय देता ते बोला."

"कोंबडी घे."

"तुमच्या कोंबड्या तुमच्यासारख्याच. नुसती हाडं."

"बकरी?"

"बकरी नको. टेक्ला आणा. तिने येऊन ऊठ म्हटलं तर उठतो."

बायका हसत होत्या, त्या एकदम थांबल्या. मामांनी टोपी काढली. म्हणाले, "ती काय कोंबडी आहे, पाय बांधून आणायला?" मग कोणीतरी रडायला लागलं. आणि मी तिथेच पडून राहिलो. खालची माती फार गार असते, टेक्ला. ऊन कलायला लागलं तसे पाद्रीबाबा खोकले. मामा स्वतः खाली उतरले, मला बगलेत धरून उचललं आणि कानात म्हणाले, "पुरे झालं, मास्तर. तिला उन्हात ठेवू नका." तुझ्या आईची पेटी अजून वर उन्हातच होती, हे तेव्हा कुठे मला कळलं.

तुम्ही दोघी चार वर्षं का बोलला नाहीत ते सगळ्या डोंगराला माहीत आहे. तू निबंधात लिहिलंस की किसेम्वेचा सोनेरी बेडूक नाहीसा झाला, तो गावच्या बायकांनी झऱ्याला नळ बसवला म्हणून. नळाच्या मंडळाची पुढारी तुझी आई. शास्त्राला सत्य लागतं म्हणून गावाचं नावही घातलंस. मग संवर्धनवाले आले, झऱ्याला कुंपण, नळाला कुलूप. बायका पुन्हा हंडे घेऊन खालच्या नदीवर. आईने फोनवर सुनावलं, "आता त्या बेडकांनाच म्हणावं, तुझी आई व्हा." हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर अंगावर गुंडाळलेल्या कांगाच्या पदराने चूल पुसत बसली. पुसण्यासारखं चुलीवर काही नव्हतं.

आता मुद्दा. मी तो तीन पानं टाळला, तू पाहतेच आहेस.

जुलैत मी आणि ओनेस्मो तिच्याकडे गेलो. आवाज तिचा, तेव्हा परवानगी तिची. ओनेस्मोने पहिली टेप लावली, तू धोंडे मारलेस ती. नुसते बेडूक.

"माझा आवाज कुठे गेला?"

"काढून टाकलाय, आई."

"मी तुम्हाला कथा दिली, तुम्ही बेडूक ठेवलेत आणि मला टाकलंत? शिकलेल्यांचं असंच." पण ऐकत राहिली.

मग त्याने पुढच्या टेपा लावल्या. तोच पावसाळा, तीच ओसरी, काही वर्षांनंतरची. पाऊस आहे, मुसळ आहे. बेडूक नाहीत. त्या ऋतूच्या एकाही टेपेवर नाहीत. ओनेस्मो म्हणाला, "आई, हे नळ येण्याच्या आधीचं आहे."

तिने विचारलं, "म्हणजे मी नाही मारले?"

टेक्ला, मला तोपर्यंत वाटत होतं की ती तुझ्यावर रागावली आहे. रागावली होतीच. पण तिने तुझं म्हणणं खरंही मानलं होतं. लेक शिकलेली आहे, लेक म्हणते म्हणजे आपणच मारले.

"नाही," ओनेस्मो म्हणाला. "आधीच गेले होते. कातडीचा एखादा रोग असेल. शोधावं लागेल."

"हे छापणार?"

"तुम्ही हो म्हणालात तर. छापलं की कुलूप काढा म्हणून मागता येईल."

"आणि टेक्ला?"

ओनेस्मो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"नको," आई म्हणाली. "माझ्या लेकीच्या तोंडाला माती लागली असेल तर ती परक्याने चारचौघांत पुसायची नाही. ती येईल, ऐकेल, आपल्या हाताने लिहील."

"तोवर पाणी खालून आणणार?"

"आणतेच आहे की. बेडूक गेले म्हणून माझे पाय नाही गेले." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही तिला कळवायचं नाही, मास्तर. कळवलंत तर ती बेडकांसाठी धावत येईल. मला ती माझ्यासाठी यायला हवी."

मी शब्द दिला आणि तिच्या दफनापर्यंत पाळला. आज मोडतो आहे. सभ्य माणसाला मेलेल्याला दिलेला शब्द मोडता येत नाही. थट्टेच्या सोयऱ्याला येतो, त्यासाठीच तो ठेवलेला असतो.

तुझी चूक मोठी नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली. आमच्या पंडितांनी त्याला काकतालीय असं भारदस्त नाव देऊन ठेवलं, कारण तेही त्यात पडले होते. तुझ्यापुढे जुन्या नोंदी होत्या आणि नळ होता, मधली वर्षं नव्हती. ती माझ्या कपाटात होती, कथांच्या मागे, आणि ती ऐकायची विद्याच तेव्हा नव्हती. आता आहे. पुढचं तुझ्या हातात आहे. मामांना मी विचारलं, टेपांचं काय? कुळाचे कर्ते आता तेच. म्हणाले, "बहीण बोलली ते बोलली. पोरगी येईपर्यंत टेपाही बंद आणि नळही बंद." बायका हंडे उचलून खाली गेल्या.

चाळीसाव्याचा विधी महिनाअखेरीच्या रविवारी आहे. तुझी जागा मामांच्या उजवीकडे ठेवली आहे.

आणखी एक. त्या यंत्राने बेडूक वेगळे काढले, तेव्हा उरलेला आवाजाचा पदर ओनेस्मोने फेकला नाही. त्यात फक्त तुझी आई आहे. पाऊस नाही, ओढा नाही, माझे प्रश्न नाहीत. तरुण आवाजात कथा सांगते आहे, आणि मध्येच थांबून तुला हाक मारते, पाण्यातून बाहेर ये म्हणून. एवढंच ओनेस्मोने मला सांगितलं. मी तो ऐकलेला नाही. पहिल्यांदा तू ऐकावास.

बेडकांसाठी आलीस तरी चालेल. आईला मी समजावीन.

कबर बुजवली आहे, फुलंही सुकली असतील. पण मी तिथे आडवा पडून जे मागितलं, ते मागे घेतलेलं नाही. मामांनी मला उचललं खरं, पण ऊठ म्हणायचा अधिकार तुझा होता.

तुझ्या हाकेपर्यंत तिथेच पडलेला,
तुझा थट्टेचा सोयरा,
मोरेश्वर मास्तर